कोरडवाहू शेतकऱ्यांची गटशेती : शेतापासून बाजारपेठेपर्यंत

उत्तर व पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा, दक्षिणेची पैनगंगा आणि या दोहोंमधील काळ्या जमिनीचे पट्टे व डोंगराळ माळ, अशी यवतमाळ जिल्ह्याची रचना आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील शेती बव्हंशी पावसावर अवलंबून असून कापूस हे तिचे मुख्य नगदी पीक आहे. कापसाच्या ओळींतून तूर घेतली जाते. गेल्या काही दशकांत सोयाबीनचे क्षेत्रही वाढले आहे. पिके बदलली, बियाणे बदलले, परंतु त्याहून मोठा बदल जमिनीच्या तुकड्यांत झाला आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत सरासरी शेत एक-तृतीयांशाहूनही लहान झाले. बाजारपेठ मात्र लहान झालेली नाही. तिला माल गाडीने लागतो, एकाच प्रतीचा लागतो आणि ठरलेल्या वेळी लागतो. लहान शेत आणि मोठा बाजार यांमधील हे अंतर गटशेतीने कसे व कितपत भरून निघू शकेल, याचा विचार या लेखात केला आहे.

जुना बाजार, अपुरी वाट

शेतमालाच्या बाजारावर नियंत्रण असावे, ही कल्पना या भागास नवी नाही. देशातील नियंत्रित कापूस बाजाराचा आरंभ १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे झाला. हे गाव आता वाशिम जिल्ह्यात आहे. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या वेळी आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा या नावाने ओळखला जात असे. १९०५ साली त्याचे नाव बदलले. कापसाच्या वाहतुकीसाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रुळांचा लोहमार्गही टाकण्यात आला. रेल्वे कापसासाठी आली. कास्तकार मात्र आपल्या बंडीनेच बाजारात येत राहिला.

राज्यनिर्मितीनंतर १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांना एकसारखी चौकट मिळाली. जिल्ह्याचेच सुपुत्र श्री. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ साली कच्च्या कापसाविषयीचा कायदा झाला आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. या योजनेने शेतकऱ्यास भावाची हमी दिली, ही तिची जमेची बाजू नाकारता येत नाही. परंतु चुकारे लांबू लागले की गरजू शेतकरी अडचणीत येई. शेजारच्या राज्यात भाव चढे असले की कापूस सीमेपलीकडे जाई आणि तेथे भाव पडले की तो उलट इकडे येई. योजनेचा तोटा वाढत गेला व २००२ नंतर खाजगी खरेदीस वाव मिळाला. या तीस वर्षांच्या अनुभवाचा मथितार्थ असा की, भाव ठरविणे आणि त्या भावाचा पैसा गरजेच्या दिवशी हातात पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गटशेतीच्या यशापयशाची गुरुकिल्लीही याच भेदात आहे.

नुकसान नेमके कोठे होते

चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याचे नुकसान केवळ बाजार समितीच्या आवारात होत नाही. ते त्यापूर्वीच टप्प्याटप्प्याने होत असते. मृगापूर्वी बियाणे व खते उधारीवर उचलली जातात. ज्याच्याकडून उधारी घेतली त्याच्याशीच पुढे विक्रीचा व्यवहार जोडला गेला, तर भाव विचारण्याचा हक्कच उरत नाही. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते. वेचणीची मजुरी, सण आणि रब्बीची तयारी या तिन्हींची गरज एकाच वेळी उभी राहते. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणापर्यंत तीन-चार क्विंटल कापूस नेण्याचे भाडे परवडत नाही, म्हणून दारात आलेल्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यास तो दिला जातो. काटा व्यापाऱ्याचा, प्रतवारी त्याची आणि भावही तोच सांगणार, अशी स्थिती असते.

याला तांत्रिक बाजूही आहे. एक क्विंटल कापसापासून साधारणपणे ३४ किलो रुई निघते, उरलेली बहुतांशी सरकी असते. रुईची गाठ १७० किलोंची असते. एका शेतकऱ्याच्या ४ क्विंटल कापसातून १३६ किलो रुई मिळेल. म्हणजे त्याच्या एका वेचणीतून एक गाठही बांधली जात नाही. हेच पंचवीस शेतकऱ्यांचे १०० क्विंटल एकत्र आले, तर ३४ क्विंटल रुई होऊन पूर्ण २० गाठी होतात. एकटा शेतकरी कापूस विकू शकतो. गट कापूसही विकू शकतो आणि रुई व सरकीही विकू शकतो. बाजारपेठेत प्रवेश या शब्दांचा व्यावहारिक अर्थ हाच आहे.

जमीन ज्याची त्याची, काम सर्वांचे

गटशेती म्हणताच अनेकांच्या मनात सामुदायिक शेतीची कल्पना येते. १९५९ साली नागपूर येथील काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला होता. परंतु बांध मोडून जमीन एकत्र करण्याची कल्पना शेतकऱ्यांच्या पचनी पडली नाही. आज अभिप्रेत असलेली गटशेती तशी नाही. सातबारा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, बांधही राहतो. एकत्र येतात ती कामे, खरेदी व विक्री. सावड आणि इर्जिक या आपल्या जुन्या पद्धतींचे तत्त्व हेच होते. मात्र त्या कामापुरत्या होत्या. त्यांना विक्री व हिशेब यांची जोड देणे एवढेच नवे आहे.

यासाठी कायद्याची व योजनांची चौकट उपलब्ध झाली आहे. कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजे ‘आत्मा’, हिच्याकडे शेतकरी गटांची नोंदणी होते. राज्य शासनाने २०१७ साली गटशेतीस प्रोत्साहन देणारी योजना आखली. तीत किमान २० शेतकरी व १०० एकर क्षेत्र ही अट होती. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने दहा किंवा अधिक उत्पादकांना उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. तीत भाग कितीही असले तरी सभासदास मत एकच असते, हे सहकाराचे तत्त्व कायम आहे. केंद्र शासनाने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. लहान गटांनी गावात काम करावे आणि असे अनेक गट मिळून तालुका पातळीवर कंपनी व्हावी, ही रचना व्यवहारास सोयीची आहे. पंचवीस जणांना एकमेकांचे शेत माहीत असते. तीनशे जणांना ते शक्य नसते.

शेतातील एकत्र काम

गटाचे पहिले काम बियाण्याच्या निवडीपासून सुरू होते. एकाच गावात पंधरा वाणांचा कापूस पिकला, तर धाग्याची लांबी व मजबुती एकसारखी राहत नाही आणि अशा मिश्र मालास सर्वांत हलक्या प्रतीचा भाव मिळतो. राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात कापसासाठी ‘एक गाव, एक वाण’ हे सूत्र स्वीकारून गटांमार्फत गाठी करून विकण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला, तो याच कारणाने. निविष्ठांची एकत्र मागणी केल्यास भावात सवलत मिळते, पावती मिळते आणि बोगस बियाण्याविरुद्ध दाद मागणेही सोपे जाते.

दुसरे काम फवारणीचे. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कापसाचे अपरिमित नुकसान केले. या दोन घटनांचा विचार एकत्र करावयास हवा. अळी बांध ओळखत नाही. एका शेतकऱ्याने फरदड राखली तर शेजारच्या दहा शेतांवर पुढील हंगामात प्रादुर्भाव होतो. यास्तव कामगंध सापळे, फरदड निर्मूलन आणि पराटीची वेळेवर विल्हेवाट ही कामे गटानेच करण्याची आहेत. फवारणीसाठी प्रत्येकाने पंप पाठीवर घेण्यापेक्षा गटातील चार-पाच जणांना रीतसर प्रशिक्षण, हातमोजे, मुखवटा व चांगली उपकरणे द्यावीत आणि कोणत्या शेतात कोणते औषध किती प्रमाणात मारले याची नोंद ठेवावी. या नोंदवहीमुळे जीव वाचतो आणि अनावश्यक फवारणीही टळते.

तिसरे काम वेचणीचे. वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. त्यामुळे वेचणाऱ्या स्त्रीचे लक्ष वजनाकडे असणे स्वाभाविक आहे. पालापाचोळा, कवडी, केस व प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे कापसात आले की भाव उतरतो, परंतु स्वच्छ वेचणीसाठी मजुरास काहीच मिळत नाही. गटाने स्वच्छ कापसास किलोमागे थोडी अधिक मजुरी ठरविली, सुती कापडाच्या झोळ्या पुरविल्या आणि दव उडाल्यावरच वेचणी सुरू केली, तर पुढील सर्व व्यवहार सुकर होतो. ओलाव्याचा हिशेब तर अगदी उघड आहे. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसास पूर्ण हमीभाव देते, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यास टक्का कपात करते आणि त्याहून ओला कापूस नाकारते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. १२ टक्के ओलाव्याच्या कापसावर त्यातील सुमारे ३२४ रुपये कपात होतात. दोन-तीन दिवसांचे ऊन व एक ताडपत्री यांची ही किंमत आहे. ओलावा मोजण्याचे यंत्र एकट्यास महाग पडते, गटास नाही.

पहिल्या वेचणीचा पैसा

येथपर्यंतची कामे अनेक गट उत्साहाने करतात. गट मोडतो तो पुढच्या पायरीवर. कापूस वेचून झाला, स्वच्छ झाला, वाळला. आता तो एकत्र ठेवून गाडी भरावयाची आहे. परंतु सभासदास आजच मजुरी चुकती करावयाची आहे. गट त्यास थांबावयास सांगतो, व्यापारी मात्र रोख मोजतो. अशा वेळी सभासद व्यापाऱ्याकडे गेला, तर त्यास फुटीर म्हणणे अन्यायाचे होईल. गरजेला निष्ठेचे औषध चालत नाही. तिला रोख उचल लागते.

ती किती लागेल, हे मांडून पाहू. १०० क्विंटल कापसाची वरील हमीभावाने किंमत ८,११,००० रुपये होते. सभासदांना तीनचतुर्थांश उचल द्यावयाची तर ६,०८,२५० रुपये हवेत. पंचवीस सभासदांनी प्रत्येकी १,००० रुपये भाग घेतला असेल, तर गटाजवळ २५,००० रुपये आहेत. या दोन आकड्यांतील अंतर हेच गटशेतीपुढील खरे आव्हान आहे. ही रक्कम वर्षाला १२ टक्के दराने एक महिन्यासाठी कर्जाऊ मिळाली, तर व्याज सुमारे ६,०८३ रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६१ रुपये पडते. स्वच्छता, योग्य ओलावा, बरोबर वजन आणि एकत्र वाहतूक यांमुळे मिळणारा अधिक भाव या ६१ रुपयांहून व इतर खर्चाहून जास्त असेल तरच थांबण्यात शहाणपण आहे. नसेल तर गटानेही तात्काळ विक्री करावी. माल राखून ठेवणे हा धर्म नव्हे, तो हिशेबाचा प्रश्न आहे. म्हणून गट स्थापन करताना अध्यक्ष कोण, यापेक्षा पहिल्या वेचणीची उचल कोठून येणार, हा प्रश्न बैठकीत प्रथम विचारला जावा. बँकेशी बोलणी कापूस फुटल्यावर नव्हे, पेरणीपूर्वी व्हावीत.

ज्या गटास कापसासाठी एवढे भांडवल उभारता येत नाही, त्याने तुरीपासून आरंभ करावा. तूर कापसासारखी तीन-चार वेचण्यांत येत नाही. ती एकदाच निघते, कमी जागेत राहते आणि नीट वाळविली तर टिकते. शिवाय तिच्यासाठी तारण कर्जाची सोय आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या तूर, सोयाबीन, हरभरा, हळद इत्यादी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळू शकते. १०० क्विंटल तुरीची किंमत ८ लाख रुपये धरली, तर ६ लाख रुपये कर्ज मिळेल आणि तीन महिन्यांचे व्याज ९,००० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९० रुपये होईल. ही योजना १९९०-९१ पासून अस्तित्वात आहे. एकट्या शेतकऱ्यास पाच पोती घेऊन गोदामापर्यंत जाणे परवडत नाही. गटास ते परवडते. तुरीच्या एका हंगामात वजन, प्रतवारी, उचल व वाटप यांचा सराव झाला की कापसाचा व्यवहार अंगावर घेता येतो.

दोन देशांचे धडे

लहान शेतकऱ्याच्या उचलीचा आणि वजनाचा हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अन्य विकसनशील देशांपैकी दोहोंचा अनुभव येथे उपयोगी पडेल.

केनियात १९६४ पासून लहान चहा उत्पादकांसाठी एक सार्वजनिक संस्था काम करू लागली; २००० साली ती उत्पादकांच्या मालकीची कंपनी झाली. शेताजवळच्या केंद्रावर हिरव्या पानांचे वजन होते, महिन्याच्या महिन्यास त्याचा काही भाग चुकता केला जातो आणि वर्षअखेर विक्रीच्या प्रत्यक्ष भावानुसार उरलेली रक्कम दिली जाते. आपल्या खेडा जिल्ह्यात १९४६ साली उभ्या राहिलेल्या दूध संघाचे सूत्रही हेच होते : वजन व स्निग्धांश सर्वांसमक्ष मोजावा, पैसा त्वरित द्यावा, नफा नंतर वाटावा.

माली या पश्चिम आफ्रिकेतील देशाचा दाखला यवतमाळास अधिक जवळचा आहे, कारण तो कापसाचा आहे. तेथेही कापसाची खरेदी एका सरकारी कंपनीकडे होती. वजनात फसवणूक होते, अशी शेतकऱ्यांची तक्रार वाढल्यावर १९७४ च्या सुमारास गावोगावच्या संघांकडे वजन व प्रतवारीचे काम सोपविण्यात आले. यासाठी हिशेब ठेवणारी माणसे हवीत, म्हणून प्रौढ शेतकऱ्यांना त्यांच्याच बांबारा भाषेत लिहिण्यास व आकडे मांडण्यास शिकविण्यात आले. संघाला मिळणाऱ्या मोबदल्यातून गावची कामे झाली. पुढे मात्र खते व औषधांचे कर्ज संपूर्ण संघाच्या जबाबदारीवर दिले जाऊ लागले. काहींनी कर्ज थकविले आणि त्याची वसुली इतरांच्या कापसातून झाली. प्रामाणिक शेतकरीच नाराज झाला व अनेक संघ कर्जात बुडाले. २००० नंतर त्यांच्या जागी लहान सहकारी संस्था आल्या. काटा व वही गावाच्या हाती आल्याने संघ वाढले आणि एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी मारल्याने ते मोडले. आपल्या गटांनी या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. विक्री सामुदायिक असावी. कर्जाची जबाबदारी मात्र ज्याच्या त्याच्या मालाशी बांधलेली असावी.

मागे राहणाऱ्यांचा विचार

अनुदानासाठी कागदावर उभा राहिलेला आणि अवजारे एका घरात ठेवणारा गट हा गट नव्हे. ज्याचे क्षेत्र मोठे त्याचा माल प्रथम मोजला जाऊ लागला, की लहान सभासद न बोलता दूर होतो. त्याहून मोठा प्रश्न सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा आहे. मक्त्याने वा बटईने शेती करणारा आणि शेतात राबूनही जमीन नावावर नसलेली स्त्री यांना सभासद करून घेण्याची तरतूद गटाच्या नियमांतच हवी. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली त्यांत यवतमाळ होता. येथील कितीतरी शेते आज पतीमागे स्त्रियाच कसत आहेत. या सहा जिल्ह्यांत २००९ साली मंजूर झालेल्या ‘केम’ प्रकल्पात आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे साहाय्य होते आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांची त्यास जोड देण्यात आली होती. नियमित बैठक, बचत व परतफेड यांची शिस्त या गटांनी पूर्वीच अंगी बाणविली आहे. शेतकरी गटांनी नवी तिजोरी उघडण्यापूर्वी गावातील महिला गटांच्या संघास भागीदार करून घेणे हिताचे ठरेल.

गावपातळीवरील कर्तव्ये

या कामी ग्रामपंचायतीने जागा व प्रकाश द्यावा, म्हणजे वाळविण्याचा ओटा, कोरडी खोली आणि प्रमाणित वजनकाटा यांची सोय करावी. काटा दरवर्षी वैधमापन निरीक्षकाकडून तपासून घ्यावा आणि वजन उघड्यावर, मोठ्याने उच्चारून व्हावे. शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ गटाच्या वहीस द्यावी. कोणाचा किती माल, किती ओलावा, किती उचल, किती येणे, एवढे चार रकाने प्रत्येक सभासदास स्वतः वाचता आले तर अर्धे तंटे निर्माणच होणार नाहीत. वरच्या वर्गातील मुलांना गणिताची उदाहरणे याच वहीतून देता येतील. कृषी व सहकार खात्यांच्या अधिकाऱ्यांनी किती गट नोंदले याबरोबरच उलंगवाडीनंतर किती गटांनी एकत्र विक्री केली व किती दिवसांत चुकारा दिला, याची विचारणा करावी. मोजमाप ज्याचे होते तेच काम वाढते.

गटशेती पाऊस आणू शकत नाही आणि जागतिक बाजारातील रुईचा भावही ठरवू शकत नाही. ओलावा, वजन, वाहतूक, व्याज व वेळ या पाच ठिकाणी होणारी गळती मात्र ती थांबवू शकते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल बहुधा याच गळतीवर लागतो. येत्या हंगामासाठी ज्या गावात पंचवीस कास्तकार एक वाण, एक काटा व एक वही मान्य करतील आणि पहिल्या वेचणीच्या उचलीची सोय पेरणीपूर्वी करून ठेवतील, त्या गावाने बाजारपेठेची निम्मी वाट चालून टाकली, असे समजण्यास हरकत नाही.